‘टर्मिटोमायसिस, जात अनिश्चित’: ४८ लिफाफ्यांचे प्रकरण

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर काम करणाऱ्या एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने दोन पावसाळे रानातली अळंबी गोळा केली. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, कपाटात तिचे ४८ लिफाफे पडून आहेत आणि बहुतेकांवर एकच ओळ आहे : ‘टर्मिटोमायसिस, जात अनिश्चित’. टर्मिटोमायसिस म्हणजे वाळवीच्या वारुळातून उगवणारी अळंबी. आता त्यांच्यावर शोधनिबंध लिहायचा आहे आणि विभागातला पहिला विचार असा, की सगळ्यांचे तुकडे डीएनए अनुक्रमणासाठी, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचून घेण्यासाठी, पाठवावेत, नावे आपोआप येतील. हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेले आहे, ते कुठल्या ठरावीक विभागाचे नाही आणि ४८ हा आकडा हिशेब दिसावा म्हणून घेतला आहे. त्यातल्या चुका मात्र नेहमी होणाऱ्या आहेत.

या लिफाफ्यांतली बहुतेक नावे गोळा केलेल्या दिवशीच, दुपार ते रात्र या काही तासांत हातची गेली. नंतर कितीही चांगले यंत्र आणले तरी त्यातला थोडाच भाग परत मिळतो. कुठला भाग परत मिळतो, कुठला मिळत नाही आणि का, याचा हा हिशेब आहे.

वारुळातून छत्रीपर्यंत

टर्मिटोमायसिस ही प्रजाती रोझे हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ साली मांडली. मॅक्रोटर्मिटिनी या उपकुळातली वाळवी ही बुरशी आपल्या वारुळात पोसते. आपल्याकडे त्यात ओडोंटोटर्मिस प्रजातीची वाळवी प्रामुख्याने असते. वाळवी वाळके लाकूड आणि पालापाचोळा चावून खाते, अर्धवट पचलेली विष्ठा थराथराने रचते आणि तिचे स्पंजासारखे पोळे तयार होते. त्या पोळ्यावर बुरशीचे तंतू वाढतात, त्यावर मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी येतात आणि वाळवी त्या खाते. पावसाने माती भिजली की याच पोळ्यातून फळ, म्हणजे आपण जिला अळंबी म्हणतो ती, वर निघते. पोळे जमिनीत खोल असते. तिथून पृष्ठभागापर्यंत येताना देठाचा खालचा भाग लांबत जातो आणि मुळासारखा दिसतो. त्याला स्यूडोराइझा म्हणतात. तो कधी बोटभर असतो, कधी हात-दीड हात.

हे सांगायचे कारण असे, की जात ठरवणारी बरीच लक्षणे या प्रवासातूनच तयार होतात. माती फोडून वर येणाऱ्या छत्रीच्या मध्यावर टोकदार किंवा बोथट उंचवटा असतो, त्याला परफोरेटोरियम म्हणतात. टर्मिटोमायसिस क्लायपिएटसमध्ये तो काट्यासारखा तीक्ष्ण असतो. के. नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातून वर्णन केलेल्या टर्मिटोमायसिस हाइमीमध्ये छत्री पांढुरकी, मध्यभाग गडद आणि देठावरचे कडे टिकून राहणारे असते. टर्मिटोमायसिस युरायझसची छत्री करडी-तपकिरी, मूळ लांब आणि कडे नसल्यातच जमा. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस मात्र अगदी वेगळी. वाळवी जुन्या पोळ्याचे कण बाहेर आणून टाकते आणि त्या कणांवर नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्या शेकड्यांनी उगवतात. लांब मूळ तिला नसतेच.

लोकभाषेत यातल्या बहुतेकींना सरसकट ‘अळंबी’ म्हणतात. लिफाफ्यावर स्थानिक नाव लिहिणे चांगलेच, पण ते सांगणाऱ्याने कुठल्या लक्षणावरून सांगितले तेही लिहावे. ‘वारुळावर येते, मूळ लांब असते, पहिल्या मोठ्या पावसानंतर’ या तीन तुकड्यांना नावापेक्षा जास्त किंमत आहे.

कपाट उघडल्यावर

लिफाफे टेबलावर मांडले तेव्हा पहिल्या तासाभरातच चित्र स्पष्ट झाले. ४८ पैकी ३१ नमुन्यांचा देठ जमिनीलगत तुटलेला होता. गोळा करणाऱ्याने अळंबी भाजीसाठी उपटतात तशी उपटली होती. २६ लिफाफ्यांवर ताज्या अवस्थेतला रंग लिहिलेला नव्हता, आणि वाळल्यावर पांढरी, करडी, पिवळसर अशी कुठलीही छत्री सारख्याच मळकट तपकिरी रंगाची होते. बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून झडणाऱ्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा फक्त नऊंचा होता. नऊ लिफाफ्यांत छत्रीच्या जागी भुगा आणि बारीक भोके होती.

फोटो सगळ्यांचे होते. पण ते प्रयोगशाळेच्या टेबलावर, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली काढलेले. पट्टी नाही, छत्रीची खालची बाजू नाही, देठाचा उभा छेद नाही. फोटो आहेत म्हणून नोंदी कमी केल्या आणि नोंदी आहेत म्हणून फोटो घाईत काढले, असा हा प्रकार.

उपटण्याऐवजी काय करायला हवे होते? देठापासून वीतभर अंतरावर खुरप्याने बाजूने चर खणायचा, मग आतल्या बाजूने माती हळूहळू पाडत मूळ मोकळे करायचे. शेवटची माती रंगाच्या जुन्या ब्रशने झाडायची. मूळ पोळ्यापर्यंत जाते का हे पाहणे उत्तम, पण त्यासाठी वारूळ फोडू नये. मुळाची लांबी मोजून, ते खाली अखंड जात असल्याची नोंद केली तरी पुरते. एका जागेवरून वेगवेगळ्या वयाच्या पाच-सहा छत्र्या घ्याव्यात : कळीसारखी बंद, अर्धी उघडलेली, पूर्ण पसरलेली. बाकीच्या राहू द्याव्यात. कळीवर कड्याचे खरे रूप दिसते. पसरलेल्या छत्रीवर ते फाटून गेलेले असू शकते आणि मग ‘कडे नाही’ अशी चुकीची नोंद होते. याच ४८ मध्ये अशा चार नोंदी निघाल्या. जोडीच्या फोटोत कळीवर कडे स्वच्छ दिसते आणि वहीत ‘अनुपस्थित’ लिहिलेले आहे.

वाळवीसुद्धा गोळा करावी लागते, हे जवळपास सगळे विसरतात. शिपाई वाळवीचे आठ-दहा नग बारीक बाटलीत ठेवायचे. रूपावरून ओळखायचे असेल तर ७० ते ८० टक्के अल्कोहोल, डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वर. कामकरी वाळवीवरून ओडोंटोटर्मिसची जात ठरवणे फार अवघड असते. शिपायाचे डोके आणि जबडे पाहावे लागतात.

नमुने आणायची पद्धतही तपासली. दोन्ही वर्षी ते पॉलिथिनच्या पिशवीत आणले होते. बंद पिशवीत छत्री घाम सोडते, तापते आणि तीन-चार तासांत गिल्स, म्हणजे छत्रीखालचे पातळ पडदे, एकमेकांना चिकटतात. आत आधीच असलेल्या माशांच्या अळ्यांना तर हे आयते वातावरण. टोपलीत, प्रत्येक नमुना वेगळ्या मेणकागदात किंवा वर्तमानपत्रात सैल गुंडाळून आणला असता तर हे बरेचसे टळले असते.

ठसा : सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित

बीजाणूंचा ठसा घ्यायला काहीच लागत नाही. देठ कापायचा, छत्री गिल्स खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि वाटी उपडी घालायची. चार ते बारा तासांत ठसा उमटतो. कागदाऐवजी ॲल्युमिनियमची पन्नी किंवा काचपट्टी वापरली तर पुढे सूक्ष्मदर्शकासाठी बीजाणू खरवडून घेता येतात. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी ते गुलाबीसर मलई रंगाचा असतो.

या ४८ मध्ये नऊ ठसे होते आणि त्यातले दोन हिरवट निघाले. म्हणजे निदान दोन लिफाफ्यांत टर्मिटोमायसिस नव्हतीच. ती होती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, पोटाला जबर त्रास देणारी, पावसाळ्यात गवताळ मैदानांवर, अगदी विद्यापीठांच्या हिरवळीवरही सर्रास उगवणारी. तिच्या कोवळ्या छत्रीच्या गिल्स पांढऱ्याच असतात. बीजाणू पक्व झाले की त्या हिरवट होतात. कोवळी छत्री, पांढऱ्या गिल्स, देठावर कडे एवढेच पाहिले की घोटाळा होणारच. वेगळेपणाच्या खुणा आहेत : कडे देठावर वरखाली सरकते, छत्रीवर तपकिरी खवले असतात आणि खाली लांब मूळ नसते. पण मूळ तर आधीच तुटलेले. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

गुलाबी ठसा मिळाला म्हणून टर्मिटोमायसिस ठरली असेही नाही. प्लूटिअस, एंटोलोमा, व्हॉल्व्हारिएला यांचेही ठसे गुलाबी असतात. प्लूटिअसला कडे नसते आणि तिच्यातल्या बहुतेक जाती कुजक्या लाकडावर येतात. व्हॉल्व्हारिएलाच्या तळाशी पिशवी असते. एंटोलोमा तर सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत ओळखू येते, कारण तिचे बीजाणू कोनाकोनांचे असतात. टर्मिटोमायसिसचे गुळगुळीत आणि लंबगोल.

आणि हे विनोदाने नाही, नियम म्हणून : विभागाच्या नोंदवहीतल्या कुठल्याही अळंबीपुढे ‘खाद्य’ असा शब्द ठशाशिवाय लिहू नये. ती वही पुढे कोण वाचेल सांगता येत नाही.

वाळवण

पावसाळ्यात अळंबी उन्हात वाळत नाही, तिच्यावर बुरशी येते. हे माहीत असूनही पहिल्या वर्षी नमुने पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवले होते. दुसऱ्या वर्षी ओव्हन वापरला, पण ७० अंशांवर, लवकर व्हावे म्हणून. पंख्याखालच्या छत्र्या वाळायच्या आत त्यांच्यावर दुसऱ्या बुरश्यांनी जम बसवला. ओव्हनमधल्या छत्र्या भाजून निघाल्या : बाहेरून कडक, आतून ओल्या, तंतू चिकटून एकजीव झालेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला घेतलेला अशा तुकड्याचा छेद पोटॅशच्या द्रावणातही नीट फुगत नाही.

योग्य तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअस, सोबत हवा खेळती. फळे-भाज्या वाळवण्याचे साधे डिहायड्रेटर यंत्र या कामाला प्रयोगशाळेच्या ओव्हनपेक्षा बरे, कारण ओव्हनमध्ये ओलावा बाहेर जायला वाट नसते. मोठी छत्री उभी चिरून अर्धी करायची. १२ ते २४ तास लागतात. नमुना वाकला तर तो ओला आहे. पापडासारखा कडकन मोडला तर वाळला. मध्ये वीज गेली आणि नमुना अर्धवट ओला राहिला तर सकाळपर्यंत थांबू नये, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद डब्यात हलवावा.

वाळल्याबरोबर, गार होण्याआधीच, झिपच्या पिशवीत बंद करायचा. कोकणच्या हवेत उघडा ठेवलेला वाळका नमुना काही तासांत पुन्हा लवचीक होतो. मग बंद पिशवीसह उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड नमुन्यावर दव बसते आणि सगळी मेहनत वाया जाते. भुग्याच्या नऊ लिफाफ्यांतली भोके तंबाखूच्या भुंगेऱ्याची, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नीची, निघाली. फ्रीझरची पायरी दोन्ही वर्षी गाळली होती आणि त्याऐवजी नॅप्थलीनच्या गोळ्या टाकल्या होत्या. नॅप्थलीनने नवे किडे थोडेफार लांब राहतात, आतली अंडी मरत नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या हर्बेरियमांत वनस्पतींचे नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोली द्रावणात बुडवून विषारी करण्याची रीत आहे. ती अळंबीला लावू नये. पारा हाताळणाऱ्याच्या अंगाला घातक आहे, डीएनएलाही मारक आहे आणि मांसल छत्री त्या द्रावणात पुन्हा भिजते.

आधी सूक्ष्मदर्शक, मग अनुक्रमण

विभागाची पहिली सूचना ४८ तुकडे थेट पाठवण्याची होती. ती मागे ठेवली, कारण मुख्य प्रश्न पैशांचा नव्हता. लिफाफ्यात काय आहे हे माहीत नसताना आलेला अनुक्रम बरोबर की चूक हे ठरवायला काहीच आधार राहत नाही.

म्हणून प्रत्येक नमुन्याच्या गिलचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगवला, काँगो रेडमध्ये रंगवला आणि तेलाच्या १०० पट भिंगाखाली पाहिला. दुसरा तुकडा मेल्झरच्या द्रावणात : आयोडीन ०.५ ग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड १.५ ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २२ ग्रॅम, पाणी २० मिलिलिटर. टर्मिटोमायसिसचे बीजाणू मेल्झरमध्ये निळे होत नाहीत, तांबूसही होत नाहीत. क्लोरोफायलमचे जाड भिंतीचे, टोकाला छिद्र असलेले बीजाणू तांबूस-तपकिरी होतात. ठसा नसलेल्या ३९ पैकी आणखी तीन लिफाफे याच चाचणीत क्लोरोफायलम निघाले. क्लोरल हायड्रेट मिळत नसेल तर त्याऐवजी ल्यूगॉलचे द्रावण वापरतात. निळेपणा तपासायला ते चालते, तांबूसपणासाठी त्याच्यावर विसंबू नये.

मोजमापातही एक खोड सापडली. आयपीसमधली मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या खुणा असलेल्या काचपट्टीवर, जुळवून घेतलीच नव्हती. सगळे बीजाणू एकाच प्रमाणात लहान भरत होते. नव्याने जुळवून प्रत्येक नमुन्यातले ३० बीजाणू मोजले, टोकाचा बारीक उंचवटा सोडून. शक्य तिथे ठशातले, ठसा नसेल तिथे देठाच्या वरच्या भागावर पडलेले. गिलमधून थेट घेतलेल्यांत अपक्व बीजाणू मिसळतात आणि सरासरी खाली ओढतात.

डीएनए : बरोबर उत्तर, भलत्याच प्रश्नाला

सूक्ष्मदर्शकातून पार पडलेल्या नमुन्यांपैकी १८ निवडले. १० ते २० मिलिग्रॅम वाळकी ऊती, डीएनए वेगळा काढण्याची सीटॅब पद्धत : २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, शिवाय १ टक्का पीव्हीपी आणि ऐनवेळी ०.२ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांवर तासभर, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१, आयसोप्रोपेनॉलने साका, ७० टक्के अल्कोहोलने धुणे. साका तपकिरी आला तर त्यात फिनॉल आणि शर्करा आहेत. तो तसाच पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायला, वापरला तर जेलवर डीएनएची पट्टी येत नाही आणि माणूस डीएनए नाही असे समजतो. १:१० आणि १:५० असे पातळ करून पाहिले की बहुतेक वेळा पट्टी येते.

बुरशीची ओळख पटवायला डीएनएचा आयटीएस हा पट्टा वापरतात. २०१२ पासून तो बुरशींचा अधिकृत बारकोड मानला जातो. विभागाने आयटीएस१एफ आणि आयटीएस४ ही प्रायमरांची (कुठल्या पट्ट्याची प्रत निघेल हे ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) जोडी वापरली. ९४ अंशांवर ५ मिनिटे, मग ३५ फेऱ्या (९४ वर ३० सेकंद, ५५ वर ४५ सेकंद, ७२ वर १ मिनिट), शेवटी ७२ वर १० मिनिटे. पट्ट्या छान आल्या. अनुक्रम परत आले तेव्हा १८ पैकी सात पेनिसिलियम आणि क्लॅडोस्पोरियम, दोन ट्रायकोडर्मा, एक झायलेरियाच्या कुळातली, म्हणजे दहा परक्या बुरशी.

प्रयोग चुकला नव्हता. यंत्राने लिफाफ्यात जे जास्त होते ते वाचले. पंख्याखाली वाळवलेल्या छत्रीवर जी बुरशी बसली तिचा डीएनए ताजा, भरपूर आणि सहज वाढणारा. छत्रीचा स्वतःचा मात्र तुटका. आयटीएस१एफ-आयटीएस४ जवळपास सगळ्याच बुरशींना चालते, त्यामुळे ज्याचा डीएनए जास्त त्याची प्रत निघते. झायलेरियाचे कारण थोडे वेगळे. त्या नमुन्याला पोळ्याचा तुकडा चिकटलेला होता आणि वाळवी निघून गेलेल्या पोळ्यावर झायलेरियाच्या जवळच्या बुरशीच माजतात. पोळ्यातून शुद्ध संवर्धन काढू पाहणाऱ्यांना ती हमखास भेटते. टर्मिटोमायसिस बटाटा-डेक्स्ट्रोज आगर या खाद्यमाध्यमावर अगदी संथ वाढते, तोवर झायलेरियाने बशी व्यापलेली असते. संवर्धनासाठी म्हणूनच कळीच्या छत्रीच्या आतला मांसल भाग घ्यावा.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत झाली. पहिली, ऊती नव्याने घेतली : छत्रीची कातडी आणि गिल्स नव्या पात्याने काढून टाकल्या, मधल्या मांसाचा भाग दुसऱ्या नव्या पात्याने कापला, चिमटा प्रत्येक वेळी ज्योतीवर धरला. दुसरी, प्रायमर बदलला. आयटीएस१एफसोबत आयटीएस४बी घेतला. तो छत्रीवाल्या बुरशींच्या गटाला, म्हणजे बेसिडिओमायकोटाला, प्राधान्य देतो आणि पेनिसिलियमसारख्यांना बाहेर ठेवतो. याच गटातले यीस्ट तो अडवत नाही, एवढे ध्यानात ठेवायचे. दहापैकी सहा नमुन्यांतून या मार्गाने टर्मिटोमायसिसचा अनुक्रम मिळाला. उरलेल्या चारांत, ७० अंशांवर भाजलेल्यांत, पट्टीच आली नाही.

मिळालेल्या अनुक्रमांपैकी दोनांच्या आलेखात अर्ध्यापासून पुढे दुहेरी शिखरे दिसत होती. पहिला संशय पुन्हा प्रदूषणाचा येतो. पण अळंबीच्या पेशीत दोन वेगळी केंद्रके असतात आणि दोन्हींतल्या आयटीएसमध्ये एखाद्या अक्षराची भर किंवा घट असली तर तिथून पुढचे सगळे वाचन एकमेकांवर चढते. उलट्या दिशेनेही वाचन करून घेतले की घट कुठे आहे ते कळते आणि दोन्ही बाजूंचा स्वच्छ भाग जोडता येतो. नाही जमले तर क्लोनिंग, म्हणजे दोन्ही प्रती वेगळ्या करून वाचणे.

नावाची गोष्ट अजून बाकी होती. जेनबँक या अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात शोधल्यावर वरच्या ओळीत जे नाव येते ते उतरवून घेणे ही सवय घातक आहे. तिथले नाव नमुना जमा करणाऱ्याने दिलेले असते, कुणी तपासलेले असतेच असे नाही. एकाच अनुक्रमाला तीन-तीन नावे सापडतात. ९७ टक्के जुळले म्हणजे तीच जात, हा जुना ठोकताळा आहे, नियम नाही. इथे अनुक्रम फक्त एवढ्याच कामाला लावला : सूक्ष्मदर्शकाने दिलेले नाव आणि अनुक्रमाने दिलेला गट एकमेकांना छेद देतात का. जिथे देत होते तिथे नाव थांबवले.

झाडांचा रकाना

प्रत्येक लिफाफ्यावर ‘यजमान वृक्ष’ असा रकाना छापलेला होता आणि त्यात ऐन, किंजळ, जांभूळ अशी नावे होती. हा रकाना दुसऱ्या गटासाठी बनवलेला. रुसुला, ॲमनिटा, बोलेटस यांच्यासारख्या बुरशी झाडाच्या मुळांशी भागीदारी करतात. कर्नाटक-केरळच्या सह्याद्रीत वॅटेरिया आणि होपिया या वृक्षांखाली त्या सापडतात आणि तिथे यजमान लिहिणे अर्थपूर्ण आहे. टर्मिटोमायसिसचा भागीदार वाळवी. जवळचे झाड हा तिचा पत्ता आहे. रकाना ‘जवळची झाडे’ असा बदलला आणि वारुळाची स्थिती (जिवंत, सोडलेले, जमिनीखालचे, दिसत नाही) हा नवा रकाना घातला.

मात्र झाडांची नावेही पडताळायची तर त्यांचे नमुने हवेत आणि पावसाळ्यात डहाळी दाबून वाळवणे अळंबीइतकेच जिकिरीचे. टिपकागद रोज बदलला नाही तर पाने काळी पडून गळतात. रानात चार-पाच दिवस मुक्काम असेल तर सोपा उपाय आहे. वर्तमानपत्रात मांडलेल्या डहाळ्यांचा गठ्ठा बांधून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, गठ्ठा भिजेल इतके ६० टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल ओतायचे, पिशवी घट्ट बांधायची. काही आठवडे नमुना टिकतो, वाळवण परतल्यावर करता येते. रंग जातो, म्हणून फुलांचा रंग आधी लिहून ठेवायचा. आणि डीएनएसाठी दोन-तीन कोवळी पाने वेगळी काढून सिलिका जेलमध्ये टाकायची, अल्कोहोलमध्ये बुडालेल्या पानांवर भरवसा ठेवू नये.

तीन ढीग

शेवटी ४८ लिफाफ्यांचे तीन ढीग झाले.

पहिल्यात १४ : लक्षणे पुरेशी, सूक्ष्मदर्शक आणि जिथे मिळाला तिथे अनुक्रम एकमेकांशी जुळणारे. त्यांना जातीची नावे मिळाली. त्यांचा एक भाग विभागात राहिला, दुसरा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवक हर्बेरियममध्ये ठेवण्यासाठी वेगळा काढला. नमुना दोन ठिकाणी असला की एका कपाटातल्या भुंगेऱ्यावर सगळे अवलंबून राहत नाही.

दुसऱ्यात २० : पाच क्लोरोफायलम म्हणून नव्याने नोंदले, पंधरा फक्त टर्मिटोमायसिस. हे पंधरा निकामी नाहीत. प्रजाती, तारीख, ठिकाण, उंची पक्की असेल तर हंगामाचा आलेख काढायला ते पुरतात. फक्त त्यांच्यावरून जातींची यादी करायची नाही. या ढिगातला एक नमुना विभागाला ‘नवी जात’ वाटत होता, कारण त्याचे बीजाणू कुठल्याच वर्णनात बसत नव्हते. मोजपट्टी जुळवल्यावर ते बसले. नव्या जातीचा दावा करायचा तर पुष्कळ पायऱ्या आहेत : १ जानेवारी २०१३ पासून बुरशीचे नवे नाव वैध ठरायला मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स या नावनोंदणी करणाऱ्या संग्रहांपैकी एकाचा नोंदणी क्रमांक लागतो आणि जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. या वाटेवर तुटक्या देठाचा नमुना घेऊन जाऊ नये.

तिसऱ्यात १४ : भुगा झालेले नऊ आणि इतर पाच, ज्यांची प्रजातीही ठरत नाही. ते फेकले नाहीत. लिफाफ्यावर जुने नाव खोडून ‘अगॅरिकेलिस, अनिर्णित’ लिहिले (अगॅरिकेलिस हा गिल्सवाल्या अळंब्यांचा मोठा गण), तारीख आणि कारण टाकले, आणि शोधनिबंधातून वगळले. जुने नाव पुसायचे नसते, एक रेघ मारून वाचता येईल असे ठेवायचे असते.

तिसऱ्या ढिगातल्या १४ पैकी ११ लिफाफ्यांवर जीपीएसचा आकडा अचूकतेसह लिहिलेला होता, आणि तोच आता कामाचा ठरतो. टर्मिटोमायसिसचे वारूळ वर्षानुवर्षे टिकते आणि अळंबी बहुधा त्याच जागी, त्याच सुमारास परत येते. त्या ११ जागांची यादी पहिल्या पावसाच्या आधी वनखात्याची परवानगी आणि गावातल्या माणसाची सोबत यांसह पक्की करायची. प्रत्येक जागी चारपाच दिवसांच्या अंतराने फेरी मारायची. सोबत खुरपे, ब्रश, मेणकागद, टोपली, अल्कोहोलच्या बाटल्या, सिलिका जेलच्या नळ्या, रंगतक्ता आणि ठशासाठी पन्नीचे कापलेले चौकोन असावेत. छत्रीच्या आतल्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा जागेवरच सिलिकामध्ये टाकायचा, बाकी नमुना संध्याकाळी ४५ अंशांवर. प्रसिद्ध होणाऱ्या नकाशात मात्र हे आकडे गावापर्यंतच गोळाबेरीज करून द्यायचे. नाहीतर पुढच्या वर्षी त्या वारुळावर विभागाच्या आधी विक्रीसाठी अळंबी खणणारे पोचलेले असतात.